न पाहिलेले तास

रणधीर खराडेनं सापाचं औषध उन्हात ठेवून नासवलं, असं त्याच्या बायकोच्या यंत्रानं सांगितलं. बायकोचं यंत्र म्हणजे तिनं विकत आणलेलं नव्हे, तिनं घडवलेलं. भादलगावात ही गोष्ट चवीनं चघळली गेली. ज्यांना यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांनाही एवढं कळलं, की खराडेंच्या घरात आता काही खरं नाही. या एका बाबतीत गाव बरोबर होतं.

भादलगाव वारणेच्या काठी आहे. तिथल्या नदीकाठ आरोग्य संघाचं औषधभांडार आजूबाजूच्या ग्रामीण दवाखान्यांना औषधं पुरवायचं आणि रणधीर तिथला भांडारपाल होता. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात कमल तुपे नावाच्या बाईला सोयाबीन काढताना घोणस चावली. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, पुन्हा दिलं, आणखी दिलं. औषध म्हणून तिच्या अंगात जे जात होतं त्यात औषधाचा गुण उरलाच नव्हता. मोठ्या शहरात हलवल्यावर ती वाचली, पण उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

या औषधाच्या प्रत्येक कुपीवर एक फिकट ठिपका असतो. कुपी बराच वेळ उबेत राहिली की तो काळा पडतो आणि मग कितीही थंड केलं तरी फिकट होत नाही. दवाखान्यातल्या धावपळीत तो कुणी पाहिला नव्हता. नंतर पाहिला, तर दसऱ्याआधी भांडारात आलेल्या सगळ्या कुप्यांचे ठिपके काळे होते आणि दसऱ्यानंतर आलेल्यांचे फिकट. म्हणजे भांडारात कुठंतरी पाणी मुरत होतं. कुठं, हे सांगायला पडताळा होताच.

पडताळा ही भिंतीवर बसवलेली एक पांढरी डबी होती, तिच्या मधोमध एक गोल डोळा. तो डोळा औषधं थंड ठेवायच्या कोल्ड रूमचं दार, चार अंशांवर राहायला हवा असा तिचा तापमानाचा काटा, बटणांचा फळा आणि येणारी-जाणारी माणसं बघायचा. चित्रं मात्र साठवायचा नाही, कारण माणसांच्या खासगीपणाचा नवा कायदा आल्यापासून तशी परवानगी नव्हती. जे दिसलं त्याचं तो एक वाक्य करायचा आणि चित्र टाकून द्यायचा. दार बंद आहे. काटा चारवर आहे. खराडे आत गेले. मग या वाक्यांवर तर्क चालायचा.

त्या तर्काचे नियम रणधीरची बायको ऋजुता लिहायची. कंपनी पुण्याची, पण ती काम भादलगावातल्या घरूनच करायची. गावात पहिला पडताळा बसला तो नवऱ्याच्याच भांडारात, आणि संघाचे व्यवस्थापक महाडिक यांना त्याचं एवढं कौतुक, की खंडेनवमीला त्यांनी ऋजुताला मुद्दाम बोलावून पूजेचं ताट तिच्या हातात दिलं होतं. रणधीर तेव्हा आईला आणायला गावी गेलेला. यंत्रांच्या पूजेला यंत्राच्या आईनंच यायला हवं, असं महाडिक म्हणाले होते आणि ऋजुताला ते आवडलंही होतं.

आता हे यंत्र विचार कसा करायचं ते सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथंच आहे. नियमांचा एक भाग सोपा होता: अमुक कृती केली की तमुक बदल होतो. बटण दाबलं की दिवा लागतो. अवघड भाग वेगळाच, आणि तो अवघड आहे हेच मुळात लोकांना पटत नाही. बटण दाबल्यावर काय काय बदलत नाही? भिंतीचा रंग बदलत नाही, दार उघडत नाही, खोकी जागची हलत नाहीत, भांडारपालाचं लग्न मोडत नाही. माणसाला यातलं काही सांगावं लागत नाही. यंत्राला एकेक सांगत बसलं तर एका बटणापायी जन्म जाईल. तर्कशास्त्रातल्या मंडळींनी यावर कित्येक वर्षं डोकेफोड केली आणि जो तोडगा बहुतेकांच्या गळी उतरला त्याला जडत्वाचा नियम म्हणतात. जे बदलायला काही कारण घडल्याचं ठाऊक नाही, ते होतं तसंच आहे असं धरायचं. तसं पाहिलं तर आपणही असंच जगतो. सकाळी उठून घर जागेवर आहे का, हे कुणी तपासत नाही.

हाच तर्क उलटा चालवला की झाला पडताळा. एखादी गोष्ट बदललेली सापडली, तर तिला बदलू शकणाऱ्या सगळ्या कृती समोर घ्यायच्या. ज्या झाल्या नाहीत त्या खोडायच्या. जी उरेल ती झाली, आणि ज्यानं केली तो सापडला. गोदामांतल्या चोऱ्या अशा पटापट उलगडल्या. विमावाले पडताळ्यावर विसंबू लागले. न्यायालयंही त्याचं म्हणणं ऐकून घेऊ लागली.

सुरुवातीला ऋजुतानं आणखी एक नियम घातला होता. जो काळ पाहिला नाही, त्याबद्दल 'माहीत नाही' असं म्हणावं. पण मग यंत्र ऊठसूट 'माहीत नाही' म्हणू लागलं. एवढं महागाचं यंत्र हात वर करतं म्हणून गिऱ्हाइकं चिडली. कंपनीचे संचालक विश्राम चौबळ यांनी तो नियम आवळून आवळून असून नसल्यासारखा केला. डोळा मोडला तरच 'माहीत नाही'. नुसता अंधार असेल, तर अंधारात जग होतं तसंच आहे. ऋजुतानं थोडी कुरकुर केली आणि मग तीही गप्प बसली.

महाडिकांच्या केबिनमध्ये पडताळ्याचा निकाल वाचला गेला तेव्हा ती तिथं नव्हती. रणधीरनं घरी येऊन सांगितलं. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी त्यानं जुन्या मालाची सगळी खोकी गाडीत चढवायला बाहेर धक्क्यावर आणली होती. तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला की गाडी पंक्चर आहे, उद्या येतो. रणधीरनं खोकी लगेच परत आत ठेवली. गाडी दुसऱ्या दिवशी ती घेऊन गेली. धक्का आणि त्या बाजूचं मागचं दार पडताळ्याच्या नजरेबाहेर होते; खोकी बाहेर नेल्याची नोंद रणधीरनंच करून ठेवली होती. यंत्राचं म्हणणं एवढंच, की कुप्यांना ऊब लागली आहे, ऊब लागेल अशी दुसरी कोणतीही कृती झालेली नाही, सबब खोकी धक्क्यावर उन्हात राहिली आणि त्याला खराडे जबाबदार आहेत. परत आत येईपर्यंत वेळ किती गेला, हे त्यानं ठिपक्यांच्या काळेपणावरून उलट मोजून काढलं होतं.

रणधीरला घरी बसवलं गेलं. दिवाळी झाली की पोलिसांत तक्रार द्यायची, असा संघाचा ठराव झाला.

रणधीर म्हणाला, की त्या खोक्यांना धड ऊनही लागलं नव्हतं, दसऱ्याच्या सुट्टीत काही झालं असेल तर बघ. ऋजुतानं बघितलं. सुट्टीभर दार उघडलं नव्हतं. काटा चारवर होता. तसं तिनं त्याला सांगितलं.

"काटा चारवर होता, हे कोण म्हणतं?" त्यानं विचारलं.

"पडताळ्यात आहे."

"बरं," रणधीर म्हणाला आणि उठून अंगणात गेला.

ऋजुतानं त्या निकालाची एकेक पायरी उलगडून पाहिली. शेवटापासून मागं गेली, सुरुवातीपासून पुढं आली. कुठंतरी चूक सापडावी म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती. चूक नव्हती. प्रत्येक पायरी मागच्या पायरीतून सरळ निघत होती, आणि यातले निम्मे नियम तिच्याच हातचे होते. तिला रडू आलं. आणि रडता रडताच पहिल्यांदा मनात पाल चुकचुकली, की रणधीर खोटं बोलत असेल तर?

एकदा चुकचुकलेली पाल सहसा गप्प बसत नाही. खराडेंच्या घरीही एक पडताळा होता, कंपनीनं कर्मचाऱ्यांना फुकट दिलेला. देवघरातला दिवा, गॅस, दार, अशा बारीकसारीक गोष्टींवर तो लक्ष ठेवायचा. त्याला माणसांबद्दल विचारायचं नाही, असं दोघांचं पहिल्या दिवशीच ठरलं होतं. रणधीर संध्याकाळी उशिरा आला आणि ऋजुतानं कुठं होतास म्हणून विचारलं, तर तो बूट काढता काढता "चंद्रावर" म्हणायचा, आणि तीही "मग तिथंच जेवायचं होतंस" म्हणून पानं घ्यायची. तेवढी चौकशी त्या घराला पुरत होती.

खोकी धक्क्यावर गेली त्या दिवशी रणधीरनं सांगितलं होतं, की काम उरकून तो थेट घरी आला. आता ऋजुतानं तो अंगणात आहेसं पाहून यंत्राला हळूच विचारलं. यंत्र म्हणालं, त्या दिवशी तो उशिरा आला होता आणि येण्याआधी कुठंतरी थांबला होता, कारण त्याच्या शर्टाच्या बाहीवर निघताना नसलेला तेलाचा डाग होता.

तिनं ताट वाढताना विषय काढला. त्या दिवशी थेट घरी आलास ना, असं अगदी सहज विचारलं. तो हो म्हणाला. तिनं तेलाच्या डागाचं सांगितलं. रणधीरनं घास परत ताटात ठेवला.

"पुलावर भजी खाल्ली," तो म्हणाला. "डॉक्टरनं बंद केलीत म्हणून बोललो नाही."

साखर आणि रक्तदाब दोन्ही असलेला माणूस चोरून भजी खातो, यात जगावेगळं काही नाही. एरवी ऋजुतानं त्याला फैलावर घेतलं असतं आणि दोघंही हसले असते. त्या दिवशी तिच्या मनात आलं, की जो भज्यांबद्दल खोटं बोलतो तो खोक्यांबद्दलही बोलेल. तिनं हे तोंडानं म्हटलं नाही. पण रणधीरनं तिच्याकडं बघितलं आणि मग भिंतीवरच्या पांढऱ्या डबीकडं. "याला विचारलंस," एवढंच तो म्हणाला.

तेव्हापासून घरात बोलणं कामापुरतं उरलं. ऋजुतासुद्धा काही सुखानं बसली नव्हती. तिला त्याची दया यायची आणि दया आली की लगेच वाटायचं, आपण फसवले तर जात नाही ना? तो जास्त बोलला तर सारवासारव वाटायची. गप्प बसला तर लपवाछपवी. एकदा तर तो झोपलेला असताना तिनं त्याचा मोबाईल उचलला आणि तसाच खाली ठेवला. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती. आणि तरीही सकाळी उठून तिनं पहिल्यांदा पाहिलं ते हे, की मोबाईल होता त्याच जागी आहे का.

लक्ष्मीपूजन सासूबाईंनी केलं. शालनबाई दसऱ्यापासून इथंच होत्या. मुलावर आळ आलाय हे त्यांना ठाऊक होतं. सुनेनं आणलाय असं त्या म्हणाल्या नाहीत, पण तिच्या हातचा चहा त्या हल्ली निम्माच प्यायच्या. पाटावर लक्ष्मी मांडली, नवी केरसुणी मांडली, लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य ठेवला. मग ताट घेऊन त्या घरभर फिरल्या. कपाटाला हळद-कुंकू लावलं, मिक्सरला लावलं, ऋजुताच्या संगणकाला लावलं. भिंतीपाशी स्टूल ओढून वर चढल्या आणि पडताळ्यालाही बोट टेकवलं.

"त्याला कशाला, आई?" ऋजुता म्हणाली.

"ह्ये बी घरातलंच की आता. सगळ्यांवर नजर ठिवतंय."

टोमणा लागायचा तिथं लागला. आरती झाली. दारातून वाऱ्याचा झोत आला आणि समईची वात फडफडून विझली. शालनबाई काडेपेटी शोधायला वळल्या, तेवढ्यात भिंतीवरून रोजचा शांत आवाज आला. देवघरात समई चालू आहे, लक्ष असू द्या.

शालनबाईंना हसू फुटलं. "आंधळं झालं जणू. वात गेली तरी समई चालू म्हनतंय."

ऋजुतानं वर पाहिलं. पांढऱ्या डबीच्या मधोमध, नेमकं डोळ्यावर, कुंकवाचं ठसठशीत बोट उमटलं होतं.

डोळा मोडला नव्हता. त्याच्या दृष्टीनं नुसता अंधार झाला होता, आणि अंधारात जग होतं तसंच राहतं. समई लागलेली होती, म्हणजे समई लागलेलीच आहे. आणि त्याच क्षणी तिला खंडेनवमी आठवली. भांडारातले वजनकाटे, ढकलगाडी, शिडी, कोल्ड रूमचं मशीन, सगळ्यांना तिनं हळद-कुंकू लावलं होतं. शेवटी महाडिक म्हणाले होते, आता तुमच्या लेकराला. ती टाचा उंचावून उभी राहिली होती. त्या डबीला कपाळ म्हणण्यासारखी जागा एकच होती, बरोबर मधली. तिनं तिथं आधी हळद टेकवली, मग कुंकू, आणि वर झेंडूची माळ अशी सोडली की ती गोलावरून लोंबावी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कृतींच्या लांबलचक यादीत तिनं दार उघडणं, खोकं उचलणं, बटण दाबणं सगळं लिहिलं होतं. यंत्राची पूजा करणं लिहायचं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

फराळाची ताटं तशीच ठेवून तिनं महाडिकांना फोन लावला. माळ कधी काढली, असं विचारलं. ते म्हणाले, दसऱ्याला सकाळी मेन स्विच चालू केला आणि पूजा उचलून यंत्रं पुसली ती संध्याकाळी.

"मेन स्विच बंद होता?"

"खंडेनवमीला असतोच की, वहिनी. दरवर्षीचं आहे. यंत्रांना एक दिवस विश्रांती. कोल्ड रूमची लाइन वेगळी आहे, तिला हात लावत नाही."

दुसऱ्या दिवशी पाडवा. भांडार बंद होतं, पण महाडिक किल्ल्या घेऊन आले. ऋजुतानं रणधीरला बरोबर चल म्हटलं, तेव्हा त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही, नुसती चप्पल घातली. कोल्ड रूमचं मशीन नेहमीसारखं घुमत होतं. महाडिक परत परत सांगत होते, की इथली लाइन वेगळी आहे, मी पंचवीस वर्षं बघतोय. यंदाच्या पावसाळ्यात भिंतींना ओल आली म्हणून सगळं वायरिंग नवीन केलं होतं, हे त्यांना आठवत होतं. नव्या वायरिंगमध्ये कोणती लाइन कुठं जोडली, हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं. जुनी लाइन वेगळी होती, म्हणजे ती वेगळीच आहे असं सगळ्यांनी धरलं होतं. रणधीरनंसुद्धा.

ऋजुतानं मेन स्विच खाली ओढला. दिवे गेले. त्यांच्यासोबत ती घुमघुमही थांबली.

भांडारात इतकी शांतता होती, की बाहेर रस्त्यावर पोरं फटाके उडवत होती ते आतच फुटल्यासारखे वाटले. महाडिक एका रिकाम्या खोक्यावर बसले. खंडेनवमीच्या सकाळपासून दसऱ्याच्या सकाळपर्यंत, ऑक्टोबरच्या उकाड्यात, बंद खोलीत औषध शिजत होतं. भिंतीवरचा पडताळा स्वतःच्या बॅटरीवर, कपाळी कुंकू लावून, काटा चारवर आहे असं तासातासाला लिहीत होता. मग स्विच चालू झाला, खोली थंड झाली, डोळा पुसला गेला आणि त्याला काटा खरोखरच चारवर दिसला. त्याच्या जगात काहीच घडलं नव्हतं.

ऋजुता रणधीरकडं वळली. तिला हसायचं होतं, त्याच्या गळ्यात पडायचं होतं, माफी मागायची होती, आणि यातलं आधी काय करावं ते कळेना. सापडलं, तू सुटलास, असं काहीतरी ती बोलून गेली. यंत्राला दिसलंच नव्हतं, त्याचा तरी काय दोष, असंही म्हणाली.

"त्याचा नाहीच दोष," रणधीर म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "त्याच्याकडं नुसती वाक्यं होती. तुझ्याकडं मी होतो."

तिनं मेन स्विच परत वर ढकलला.

विश्राम चौबळ यांच्याकडं सगळ्याला उत्तर तयार होतं. त्यांनी फोनवर सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, की यात यंत्राची चूक कुठं आहे? गिऱ्हाइकानं डोळा झाकला आणि स्विच बंद केला. तसं लिहून देऊ, नवरा सुटेल, विषय संपेल. ऋजुता म्हणाली, की मग खापर महाडिकांवर फुटेल आणि डोळ्याला कुंकू लावणारं बोट माझं होतं. चौबळांनी तेही सोपं करून सांगितलं. बोट कुणाचं होतं हे लिहायची गरज नाही, चित्रं आपण ठेवतच नाही.

तिला तिथं थांबता आलं असतं. रणधीर सुटत होता, नोकरी राहत होती. पण अंधार म्हणजे काही बदललं नाही, हा नियम काय फक्त भादलगावातच चालत होता? दर सणाला, दर सुट्टीला, दिवे गेलेल्या दर गोदामात तो चालला होता. त्याच्या जोरावर किती भांडारपाल, किती रखवालदार चोर ठरले होते, आणि त्यांच्यातल्या कुणाच्या घरी नियम लिहिणारी बायको नव्हती. ऋजुतानं लिहिलं ते सगळं लिहिलं. बोट कुणाचं, नियम कुणी आवळला, कोण गप्प बसलं, सगळं. संघाला दिलं आणि विमावाल्यांच्या चौकशी समितीलाही पाठवलं. चौबळांनी तिला त्याच आठवड्यात कामावरून काढलं.

जुनी प्रकरणं एकेक करून पुन्हा उघडू लागली. समितीनं 'माहीत नाही'चा नियम सक्तीचा केला. पडताळा प्रामाणिक झाला, दहातल्या सहा प्रश्नांना 'माहीत नाही' म्हणू लागला, आणि लोकांनी तो भिंतीवरून काढायला सुरुवात केली. खात्रीनं चुकणारं यंत्र त्यांनी हौसेनं पोसलं होतं, शंका घेणारं कुणालाच नको होतं.

रणधीर कामावर परत गेला. महाडिकांनी संघापुढं स्वतःहून हात जोडले, संघानं त्यांना ठेवून घेतलं आणि कोल्ड रूमची लाइन वेगळी केली. ऋजुता कमल तुपेला भेटायला गेली. तिला वाटलं होतं, खरं काय झालं हे निदान त्या बाईला समजावं. कमलनं सगळं ऐकलं. मग डाव्या हातानं पदर सारखा करत म्हणाली, "म्हंजी कुनीच न्हाई केलं म्हना की." तिचा विश्वास बसला नव्हता. गावाचाही बसला नव्हता. नवऱ्याला सोडवायला बाईनं स्वतःचं यंत्र आंधळं ठरवलं, असं आता लोक बोलत होते. यंत्रानं दिलेला निकाल त्यांना पटला होता. तिनं दिलेला निकाल नातलगाचा होता.

घरचा पडताळा ऋजुतानं स्वतः उतरवला. भिंतीवर पांढरा चौकोन आणि दोन स्क्रूची भोकं राहिली. शालनबाई गावी परत जाताना सुनेच्या हातचा चहा पूर्ण प्यायल्या, कप विसळून ठेवला, आणि दमानं घे जरा, असं काहीतरी पुटपुटून गेल्या. ऋजुताला वाटलं, सगळं पूर्वीसारखं होईल. व्हायला हरकत काय होती? रणधीर भांडला नव्हता. तिनं आणलेली भाजी तो निवडत होता, वीजबिल भरत होता, तिच्या नव्या कामाची चौकशी करत होता. ते मोडावं असं आता कुणी काही करत नव्हतं.

एका संध्याकाळी त्याला उशीर झाला. ऋजुता पोळ्या लाटत होती. दार वाजलं, तिनं मागं न बघताच नेहमीच्या सवयीनं विचारलं, "कुठं होतास रे?"

ती वाट बघत राहिली. पोळपाटावरची पोळी तिनं तशीच थांबवली होती. चंद्रावर म्हणाला असता तर तिनं लाटणं टाकून त्याच्याकडं धाव घेतली असती.

"भांडारातून निघालो," रणधीर म्हणाला. "पेट्रोल भरलं. मग पुलावर थांबलो, एक प्लेट भजी खाल्ली. महाडिक बरोबर होते, त्यांना विचारलंस तरी चालेल. तिथून थेट घरी आलो."

तिनं वळून पाहिलं. बूट न काढताच तो दारात उभा होता आणि हे सगळं भिंतीवरच्या त्या पांढऱ्या चौकोनाकडं बघून सांगत होता.